शेगडी, घोंगडी आणि गाडीचं छप्पर

मोटारगाडीच्या इतिहासावरचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा. बेंझ, फोर्ड, इंजिनं, शर्यती, कारखान्यांतले संप, सगळं पानोपानी सापडेल. गाडीतला हीटर आणि सीटचं कापड यांच्या वाट्याला मात्र फार तर एखादा परिच्छेद. मला हा अन्याय वाटतो. अहो, गाडीत बसणारा माणूस इंजिनाला कधी हात लावतो? तो सीटवर बसतो आणि आतली हवा श्वासात घेतो. बस्स. आणि या दोन गोष्टींचा इतिहास मुळात वेगवेगळा नाहीच, तो एकच आहे, असं माझं आता ठाम मत झालंय.

हे मत झालं माझ्या गाडीमुळे. आम्ही डेट्रॉईटजवळच्या एका उपनगरात राहतो. घरात दोन गाड्या, नवऱ्याची बरी आणि माझी म्हातारी. १९९८ सालची. (कंपनीचं नाव लिहीत नाही. पंचवीस वर्षांवरच्या गाडीची तक्रार कंपनीकडे करायची नसते.) गेल्या ऑक्टोबरात पहिली थंडी पडली आणि लक्षात आलं की हीटरमधून येणारा वारा नुसता नावाला कोमट आहे. ड्रायव्हरशेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं. आणि कापडी सीट्सना असा कुबट वास की पावसाळ्यात न वाळलेले टॉवेल आठवावेत. वर कॉफी, दूध आणि पोह्यांच्या डब्यातून सांडलेली हळद यांचे नकाशे होतेच.

डिसेंबरात आई येणार होती, साताऱ्याहून, गुडघेदुखी सोबत घेऊन. मुलगी मागच्या सीटवर. आणि इथल्या जानेवारीत सकाळी उणे दहा-पंधरा सेल्सिअस म्हणजे काही विशेष नाही. तेव्हा काच स्वच्छ करणारी गरम हवा नसेल तर समोरचं दिसत नाही, इतका साधा मामला. गॅरेजवाल्याने "डॅशबोर्ड पूर्ण खोलावा लागेल" म्हणून ११०० डॉलर सांगितले. गाडी विकली असती तर त्याच्या दुप्पटही आले नसते. मग ठरवलं, दोन वीकेंड घालवू, स्वतःच डीबग करू. संध्याकाळी हात धुऊन जे वाचत बसले त्यातून हा लेख निघाला.

तर, सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा सोडवलेल्या बग्ग्या. वर फार तर घडीचं कापडी टप, बाजूंना काही नाही. १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या उत्तरेला हिवाळ्यात गाडी चालवायची म्हणजे फरचा कोट, गॉगल, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि मांडीवर जाड घोंगडी असा जामानिमा. खूप लोक सरळ नोव्हेंबरात गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवत आणि एप्रिलपर्यंत विसरून जात. घोंगडी इतकी अंगवळणी पडली होती की पुढे गाड्या बंद झाल्या, हीटर आले, तरी पुढच्या सीटच्या पाठीवर घोंगडी अडकवायची दांडी १९४० च्या दशकातल्या गाड्यांतही बसवलेली दिसते. कुणी वापरत नाही, पण काढून टाकायची कुणाची हिंमत नाही. आपल्या क्षेत्रातल्या मंडळींना ओळखीचं वाटलं असेल :)

पायांसाठी शेगडी. शिकागो फ्लेक्झिबल शाफ्ट नावाची कंपनी होती, धंदा मेंढ्यांची लोकर कापायच्या यंत्रांचा. ती 'क्लार्क हीटर' विकायची. पत्र्याची चपटी पेटी, वर गालिच्याचं कापड चढवलेलं, आत खणात खास कोळशाची वडी पेटवून ठेवायची आणि पेटीवर पाय. बग्गीत, बर्फावरच्या घसरगाडीत, मोटारीत, कुठेही चालायची. आपल्या काश्मिरी कांगडीची लांबची अमेरिकन बहीण म्हणा. (हीच कंपनी पुढे सनबीम नावाने मिक्सर आणि टोस्टर विकू लागली.) पायाशी निखारा ठेवून पेट्रोलच्या गाडीत बसणं आज ऐकायलाच भीती वाटते, पण एक गोष्ट लक्षात घ्या. गाडी उघडी होती. धूर असो, वास असो, वारा घेऊन जायचा. आतली हवा हा विषयच नव्हता, कारण 'आत' असं काही नव्हतंच.

इथे एक आडवाट. इंटरनेटवर सर्रास वाचायला मिळतं की मोटारीचा हीटर शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स या बाईंनी १८९३ मध्ये शोधला. बाई खऱ्या, पेटंटही खरं, २८ नोव्हेंबर १८९३ चं, नाव 'कार हीटर'. पण तेव्हाच्या अमेरिकन बोलीत 'कार' म्हणजे रेल्वेचा डबा! ड्युरिया बंधूंची पेट्रोलवरची गाडी मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्यांदा रस्त्यावर आली तीच मुळी त्या वर्षीच्या सप्टेंबरात. जी वस्तू देशात जेमतेम एक-दोन होती तिच्यासाठी हीटर कोण कशाला करेल? बाईंचं श्रेय त्याने कमी होत नाही, रेल्वेचे डबे गरम करणं तेव्हा जिवावरचा प्रश्न होता. अपघात झाला की डब्यातली शेगडी उलटायची आणि लाकडी डबा पेटायचा. पण शब्दाचा अर्थ बदलला आणि श्रेय भलत्याच खात्यात जमा झालं. असो.

खरी गोष्ट सुरू होते छपरापासून. १९१९ मध्ये अमेरिकेत तयार होणाऱ्या मोटारींपैकी साधारण १०% बंद होत्या. १९२७ मध्ये सुमारे ८५%. आठ वर्षांत! मोबाईलच्या जमान्यात सुद्धा इतका वेगवान पालट क्वचितच बघायला मिळतो. आधी बंद गाडी म्हणजे श्रीमंतांचं काम. लाकडी सांगाडा, सुतारकाम, जाड काच, सगळं हाताने, महाग. हडसन कंपनीने आपल्या स्वस्त 'एसेक्स' गाडीचं बंद मॉडेल १९२२ साठी १४९५ डॉलरला आणलं. अगदी पेटीसारखी गाडी, दोन दारं, देखणेपणाच्या नावाने शून्य. मग दर वर्षी किंमत उतरवत १९२५ मध्ये ती ८९५ डॉलरवर आणली, म्हणजे त्यांच्याच उघड्या गाडीपेक्षा ५ डॉलर कमी. छप्पर जास्त पैसे देऊन घ्यायची गोष्ट राहिली नाही. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने आपल्या आठवणींच्या पुस्तकात या गाडीची आवर्जून दखल घेतली आहे. हेन्री फोर्डच्या मॉडेल टीचं बस्तान उठलं त्यामागे जी कारणं होती त्यांत हे एक. ती गाडी जन्माने उघडी होती आणि तिच्या हलक्या सांगाड्याला बंद खोलीचं वजन पेलत नव्हतं.

छप्पर आलं आणि पहिला फरक सीटवर पडला. उघड्या गाडीत सीट चामड्याचीच हवी, पाऊस पडला तर पुसता येते. कापड कुजेल. पण श्रीमंतांच्या गाड्यांत आधीपासून एक गंमत होती. मागे मालकाची बंद खोली आणि पुढे शोफर उघड्यावर. मग शोफरला चामडं आणि मालकाला लोकरीचं कापड किंवा मोहेर, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांचं मखमल. कापड उबदार, बसल्या बसल्या थंडगार चटका देत नाही, वळणावर माणूस घसरत नाही, कुरकुरत नाही. चामडं म्हणजे नोकराची सीट! आज शोरूममध्ये 'लेदर पॅकेज'चे वरचे पैसे मोजणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. १९२० च्या दशकात छप्पर सगळ्यांना मिळालं तसं कापडही सगळ्यांना मिळालं. साध्या फोर्ड-शेव्हीत लोकरीचं कापड आलं. सामान्य माणसाच्या दृष्टीने ती घरातली बैठकच रस्त्यावर आली म्हणायची.

दुसरा फरक हवेत पडला. आता 'आत' तयार झालं होतं. ते गरम करता येणार होतं, आणि त्यात विष कोंडताही येणार होतं.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकी सगळी उष्णता, अर्धी धुराड्यातून आणि अर्धी रेडिएटरमधून वाया. आईला मी हे फोनवर सांगत होते तर ती म्हणाली, "अगं, त्यात काय नवीन? आमच्या जुन्या एस.टी.त ड्रायव्हरशेजारी इंजिन असायचं. त्याच्याजवळची जागा थंडीत सोन्याची आणि मे महिन्यात फुकट दिली तरी नको." अगदी तेच. त्या काळच्या लोकांनाही पहिली सुचली ती हीच युक्ती. एक्झॉस्टचा नळ तापून लाल होतो, त्याच्याभोवती पत्र्याचं आवरण घाला आणि त्यातली हवा गाडीत सोडा. काही हीटरांत तर एक्झॉस्टचा धूरच नळीने पायाखालच्या जाळीपर्यंत फिरवून परत बाहेर नेलेला असे. १९२८ ते १९३१ मधल्या फोर्डच्या मॉडेल ए साठी असे मॅनिफोल्ड हीटर मिळत. स्वस्त, साधे, आणि मिनिटा-दोन मिनिटांत गरम.

सगळं व्यवस्थित असेल तोवर ठीक. पण इंजिन हादरतं, लोखंड गंजतं, गॅस्केट जळतं. जोड जरासा सुटला की त्या गरम हवेबरोबर कार्बन मोनॉक्साईड आत. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोमाने चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, झोप येते, आणि गाडी तर उबदार असते, म्हणजे झोप येण्यात काही वावगंही वाटत नाही. ही मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट वाटते. उघड्या गाडीत माणूस कुडकुडत होता पण जागा होता.

हे सगळं जुनंपुराणं म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाड्यांत पाणीच नसतं, त्यामुळे त्या बिचाऱ्या याच युक्तीवर अडकल्या. फोक्सवॅगन बीटल हे जगप्रसिद्ध उदाहरण. इंजिन मागे, गरम हवा दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे यायची, त्या पट्ट्या गंजायच्या आणि पुढच्या काचेपर्यंत ऊब पोचेस्तोवर प्रवास संपायचा. जुन्या बीटल तर थेट सिलिंडरवरून आलेली हवा आत घेत, म्हणजे तेलाचा वास फुकट. १९६३ च्या मॉडेलपासून त्यात सुधारणा झाली. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेअरचं तसंच. राल्फ नेडरच्या १९६५ च्या पुस्तकाने ती बदनाम झाली ती वळणावरच्या तोलामुळे, पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या हीटरमधून विषारी वायू आत येऊ शकतो हेही चव्हाट्यावर आलं आणि कंपनीला मालकांना सावधगिरीची पत्रं पाठवावी लागली. तोवर त्या गाडीचं उत्पादन थांबलेलं होतं (१९६९). गाडी बंद पडते, तिचा हीटर मात्र पुढच्या मालकाकडे चालूच राहतो.

म्हणून पाणी. इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी एका छोट्या रेडिएटरमधून न्यायचं आणि त्यावर पंखा मारायचा. धुराचा आणि आतल्या हवेचा संबंधच नाही. याला हीटर कोअर म्हणतात आणि आजही तुमच्या-माझ्या गाडीत हेच आहे. कल्पना इतकी सरळ की वाटावं, पहिल्या दिवसापासून का केली नाही? तर त्याचं उत्तर रेडिएटरमधल्या पाण्यात आहे. थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यात तेव्हा अल्कोहोल घालत. मेथॅनॉल ६५ अंशांना उकळतं, साधं अल्कोहोल ७८ ला. म्हणजे इंजिन मुद्दाम थंड ठेवायचं, नाहीतर सगळं अल्कोहोल वाफ होऊन जाणार. आणि इंजिनच थंड तर हीटर काय कपाळ गरम होणार! १९२७ मध्ये 'प्रेस्टोन' नावाने एथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. ते उकळतं १९७ अंशांना. आता पाणी बिनधास्त ८०-९० अंशांवर ठेवता येऊ लागलं. त्यापाठोपाठ १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेटचा मेणाचा थर्मोस्टॅट आला. एका छोट्या डबीत मेण, ठरलेल्या तापमानाला वितळतं, फुगतं आणि झडप ढकलतं. ना वायर, ना सेन्सर, ना फर्मवेअर. माझ्या गाडीत तोच आहे, आणि बहुतेक तुमच्याही.

उरली होती वाफ. हे हीटर गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत. चार माणसांचा श्वास, ओले कोट, आणि काचा आतून धूसर. यावर तोड काढली नॅश कंपनीने. विस्कॉन्सिनमधल्या केनोशाची ही कंपनी १९३७ मध्ये केल्व्हिनेटर या फ्रिजवाल्यांशी एकत्र आली होती. त्यांनी १९३८ मध्ये काचेच्या पायथ्याशी झरोका ठेवून बाहेरची ताजी हवा आत घेतली, गाळली, गरम पाण्याच्या कोअरवरून नेली आणि हलक्या दाबाने गाडीत सोडली. दाब असल्यामुळे दारांच्या फटींतून थंड वारा आत येण्याऐवजी आतली हवाच बाहेर जाऊ लागली. १९३९ मध्ये त्याला तापमानाचं नियंत्रण जोडलं आणि नाव दिलं 'वेदर आय'. १९५४ मध्ये त्यातच एसी बसवला. आजच्या प्रत्येक गाडीची हवा-व्यवस्था ही मुळात नॅशची. कंपनी गेली, नाव गेलं, आर्किटेक्चर तेवढं राहिलं.

पण ही चैन होती, आणि बरीच वर्षं चैनच राहिली. ब्रिटनमध्ये १९४८ च्या मॉरिस मायनरला पाण्याचा पंपच नव्हता, पाणी आपोआप तापून वर चढायचं आणि थंड होऊन उतरायचं. १९५० च्या अखेरीस पंप आला तेव्हा कुठे तिला हीटर लावता येऊ लागला. १९५९ च्या मिनीतही हीटरचे पैसे वेगळे. अमेरिकेत १९६८ पासून काच स्वच्छ करणारी गरम हवा सक्तीची झाली आणि हीटर 'ॲक्सेसरी'च्या यादीतून सुरक्षेच्या यादीत गेला. मला विचाराल तर फारच उशिरा.

आता माझ्या बॉनेटकडे. इंजिन गरम करून हीटर कोअरला जाणाऱ्या दोन नळ्यांना हात लावला. एक चटका देणारी, दुसरी कोमट. याचा अर्थ पाणी आत शिरतंय पण पुढे सरकत नाही, कोअर तुंबलाय. दोन्ही कोमट असत्या तर थर्मोस्टॅट किंवा पाणी कमी असण्याचा संशय. दोन्ही गरम असून वारा थंड असता तर आतली हवेची झडप अडकलेली. किती सुंदर लॉगिंग आहे बघा! इंजिन पूर्ण थंड झाल्यावर नळ्या काढल्या आणि बागेच्या पाइपाने अगदी कमी दाबाने उलट्या दिशेने पाणी सोडलं. जे बाहेर आलं त्याला पिठल्यात तांबडी माती कालवल्यासारखा रंग होता. वीस-पंचवीस मिनिटांनी स्वच्छ यायला लागलं. जुनं ग्लायकॉल बादलीत धरून पुनर्वापर केंद्रात दिलं, कारण ते गोड लागतं आणि कुत्री-मांजरं चाटून मरतात. मग नवा थर्मोस्टॅट, निम्मं ग्लायकॉल निम्मं डिस्टिल्ड पाणी, आणि गाडीचं नाक रॅम्पवर वर करून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू. दोन्ही नळ्या गरम. सगळा खर्च ६० डॉलरच्या आत. डॅशबोर्डच्या एका स्क्रूलाही हात लागला नाही.

ओल्या कार्पेटचं कारण वेगळंच. ते पाणी बोटाला चिकट आणि गोडसर वासाचं असतं तर कोअर फुटला म्हणायचा. पण हे साधं पाणी होतं. वायपरखालची जाळी काढली तर आत मेपलच्या पानांचा कुजलेला लगदा, पाणी वाहून जायची भोकं बुजलेली. पाऊस थेट झरोक्यातून आत येत होता. नॅशची १९३८ ची युक्ती, पण नॅशने पानांचा विचार केला असावा, मी हिवाळ्याआधी करायला हवा हे गाडीच्या पुस्तिकेतही आहे. मूठभर पानं काढली, कार्पेट उचललं. खालचा स्पंजासारखा थर पिळला तर अर्धी बादली पाणी. सीट्सच्या कुबट वासाचा उगम हाच. ओलावा कोंडला की कापड तो शोषून घेतं आणि बुरशी आपलं घर करते.

सीट धुण्याचा इतिहास हा हीटरच्या इतिहासाइतकाच जीवघेणा आहे. कापडी सीट आली तसे डाग आले, आणि लोकरीचं कापड पाण्याने धुतलं तर आटतं. मग डाग काढायला काय? पेट्रोल. नाहीतर कार्बन टेट्राक्लोराईड, 'कार्बोना' वगैरे नावांनी बाटलीत मिळायचं. पेट्रोलसारखं पेट घेत नाही म्हणून ते सुरक्षित मानलं जाई. पण त्याची वाफ यकृत आणि मूत्रपिंडाचा निकाल लावते, आणि बंद गाडीत वाकून सीट घासणारा माणूस नेमकी तीच वाफ हुंगत होता. अमेरिकेत घरगुती वापरासाठी त्यावर बंदी आली १९७० मध्ये. पुन्हा तेच बघा, छप्पर होतं म्हणून कापड आलं, आणि छप्पर होतं म्हणूनच त्याची साफसफाई विषारी झाली.

तोवर कापडही बदललं. नायलॉन, पॉलिएस्टर आणि प्लॅस्टिकचं व्हिनाइल आलं. आपल्याकडे रेक्झीन. (हे मूळचं इंग्लंडमधल्या एका उत्पादनाचं नाव, आपण त्याचा सामान्यनाम करून टाकला, डालडासारखा.) भारतात तर कापडी सीटवर कव्हर, कव्हरवर टॉवेल, आणि शोरूममधलं प्लॅस्टिक वर्षभर तसंच, ही आपली स्वतःची परंपरा. माझ्या बाबांच्या गाडीची मूळ सीट मी बहुधा कधी पाहिलीच नाही :)

माझ्या सीट पॉलिएस्टरच्या. म्हणजे धुवायला सोप्या, पण आतला फोम भिजता कामा नये. व्हॅक्यूम, मग कोमट पाण्यात अगदी थोडा साबण, त्याचा नुसता फेस मऊ ब्रशने लावायचा आणि ओलं खेचणाऱ्या व्हॅक्यूमने लगेच ओढून घ्यायचा. दुधाच्या डागाला एन्झाइमवालं क्लीनर. एन्झाइमने कपडे धुण्याची कल्पना जर्मनीतल्या ओटो र्‍योमची, १९१३ ची, आणि ती कार्बन टेटसारखी कुणाचं यकृत मागत नाही. हळदीने मात्र रंग दाखवला. साबण लागताच पिवळा डाग लाल! घाबरू नका, हळद अल्कलीत लाल होते, कुंकू असंच करतात. तो डाग घासून जात नाही. त्याला ऊन दाखवायचं. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. दोन दिवस दारं उघडी टाकून गाडी उन्हात ठेवली आणि डाग शोधावा लागेल इतका फिका झाला. सुती साडीवरचा हळदीचा डाग आजी असाच काढायची.

आणि सीट वाळवल्या कशाने? हीटरने. खिडक्या बोटभर उघड्या, हवा बाहेरून, तापमान पूर्ण, सोबत एसी चालू. थंडीत एसी कशाला, असं नवऱ्याने विचारलंच. एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर ती तापवतो, आणि कोरडी गरम हवा कापडातला ओलावा उचलून बाहेर नेते. तासाभराची दोन आवर्तनं, गॅरेजच्या बाहेर, उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. आणि गाडी जुनी असेल तर हिवाळ्याआधी एक्झॉस्ट खालून एकदा तपासून घ्या. गंजलेला नळ आणि फाटलेलं रबर एकत्र आले की आपण पुन्हा १९२९ मध्ये जातो.

सीटच्या बाबतीतली मोठी माणसं काय करतात हेही पाहिलं. राणी एलिझाबेथला २००२ मध्ये मिळालेल्या बेंटलेत मागची सीट लोकरीच्या कापडाची आणि ड्रायव्हरची चामड्याची. जपानच्या सम्राटांच्या टोयोटा सेंच्युरी रॉयलमध्येही तीच वाटणी. आमच्या डागाळलेल्या पॉलिएस्टरकडे मी तेव्हापासून जरा आदराने बघते.

हीटर आणि सीट शेवटी एकत्र आले ते कॅडिलॅकमध्ये, १९६६ साली, सीटच्या आतच विजेची गादी घालून. साबने १९७२ मध्ये ड्रायव्हरची सीट तापवायला सुरुवात केली. तेव्हा तो लाड वाटला असेल. आता इलेक्ट्रिक गाड्यांत वाया जाणारी उष्णताच फारशी नाही, तेव्हा हवा तापवायची तर बॅटरीतून, आणि थंडीत किलोमीटर भराभर घटतात. म्हणून हीट पंप आले (टेस्लाने २०२० च्या मॉडेल वायपासून बसवला), आणि म्हणूनच गरम सीट आता कामाची वस्तू झाली. अख्खी खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवणं स्वस्त पडतं. आमच्या ऑफिसात दोघांकडे इलेक्ट्रिक गाड्या आहेत. जानेवारीत दोघेही सीट गरम करतात, हीटर कमीत कमी ठेवतात, आणि मांडीवर घोंगडी घेऊन गाडी चालवतात.